ड्रिलला जाताना ऑफिसला काय कळवशील

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझी मेल वाचली. अमेरिकेच्या केंद्र सरकारची नोकरी सांभाळून आर्मी रिझर्व्हची, म्हणजे लष्कराच्या राखीव दलाची शपथ घेतलीस याचा आनंद झाला. पण बॉसला ‘ऑगस्टमध्ये दोन आठवडे ट्रेनिंगला जाऊ का?’ असं विचारलंस, तिथे चुकलास. ‘जाऊ का’ नाही, ‘जातोय’ म्हणायचं. लष्करी सेवेला जाणाऱ्यांची नोकरी राखणाऱ्या 1994 च्या यूसेरा कायद्याने तुला तो हक्क दिलाय. तोंडी सूचनाही कायद्याला चालते, तरी तू ईमेलच कर, आणि लष्कराच्या ऑर्डर्स हातात पडतील त्याच दिवशी. त्या दोन आठवड्यांत तुझं काम कुणीतरी उचलणार असतं, त्यालाही सवड हवी.

आता रजा. मी नोकरीत होतो तेव्हा मिलिटरी लीव्ह, लष्करी ट्रेनिंगसाठीची पगारी रजा, वर्षाला 15 दिवस, म्हणजे 120 तास असायची. तुझ्या खात्यावर किती जमा आहे ते पगाराच्या स्टेटमेंटवर बघ. हिशोबाचं वर्ष 1 ऑक्टोबरला सुरू होतं. रजा फक्त कामाच्या तासांना लागते. डिसेंबर 2000 पर्यंत मात्र ट्रेनिंगच्या मधले शनिवार-रविवारही त्यातून कापले जायचे. घरी असतो तर तो सुट्टीचाच दिवस होता की! पण ऑफिसात कुणाला त्यात वावगं वाटलं नाही, मलाही नाही. पुढे 2003 मध्ये फेडरल सर्किट या अपील कोर्टाने सांगितलं, ते कापणं मुळातच चूक होतं. मग ती कापलेली रजा परत मागायला जुन्या टाइमशीट्स आणि ऑर्डर्स शोधत माळा पालथा घातला. निम्म्याच सापडल्या. म्हणून सांगतो, प्रत्येक कागदाची प्रत घरी ठेव.

तू सोमवार ते शुक्रवारवाला, त्यामुळे वीकेंडच्या ड्रिलला तुला रजा लागतच नाही. रविवारी शिफ्ट असणाऱ्यांना लागते, आणि ती मिळतेही.

या रजेत ऑफिसचा आणि आर्मीचा, दोन्ही पगार पूर्ण मिळतात. आणीबाणीत बोलावलं तर कॅलेंडर वर्षाला आणखी 22 कामाचे दिवस असतात. पण तिथे आर्मीचा पगार वजा करून उरलेला देतात. तेव्हा आधी पहिली रजा संपव.

लांबच्या तैनातीत आर्मीचा पगार कमी पडला तर फरक ऑफिसने भरायचा असतो. तो कुणाला मिळणार यावर बरीच वर्षं घोळ होता. तटरक्षक दलाच्या राखीव सेवेतला फेलिसियानो नावाचा एक हवाई वाहतूक नियंत्रक सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि एप्रिल 2025 मध्ये 5 विरुद्ध 4 असा जिंकला. राष्ट्रीय आणीबाणी चालू असताना बोलावलं, एवढं पुरतं. तुझं काम त्या आणीबाणीशी थेट जोडलेलं होतं हे सिद्ध करत बसावं लागत नाही.

परतताना मुदत सांभाळ. 30 दिवसांपर्यंतची सेवा असेल तर घरी पोचून आठ तास विश्रांती, की पुढच्या पाळीला हजर. 180 दिवसांपर्यंत असेल तर 14 दिवसांत अर्ज, त्याहून जास्त असेल तर 90.

ऑगस्टच्या ईमेलचा मसुदा मला आधी पाठव. ‘कृपया परवानगी द्यावी’ दिसलं तर मी खोडणार आहे.

आईला नमस्कार.

तुझा काका