आईच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीवर गाठ दिसली आहे. हा किडनीचा कॅन्सर असेल का?

तुम्ही लिहिलंय की पित्ताशयातल्या खड्यांसाठी म्हापशाला आईंचा सीटी स्कॅन केला आणि डाव्या अ‍ॅड्रिनलवर 2.3 सेंटिमीटरची गाठ निघाली. किडनीचा कॅन्सर असेल का आणि सुई घालून तुकडा तपासायला द्यावा का, हे तुमचे दोन प्रश्न. मी डॉक्टर नाही. डिचोलीत राहतो. माझ्या पत्नीची याच ग्रंथीतली गाठ पाच वर्षांपूर्वी काढली, तेव्हा जे कळलं ते सांगतो.

अ‍ॅड्रिनल किडनीच्या डोक्यावर बसलेली असली तरी ती किडनी नव्हे. किडनी रक्त गाळते, ही रक्तात हार्मोन सोडते. वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. बाहेरच्या थरातून कॉर्टिसॉल येतं, ज्याच्या जोरावर शरीर आजारपणात तग धरतं, आणि अल्डोस्टेरॉन येतं, जे मीठ-पोटॅशियमचा तोल राखतं. आतल्या गाभ्यातून अ‍ॅड्रिनलिन. म्हणून इथे गाठ दिसली की नुसता आकार पाहून भागत नाही. ती रक्तात काय सोडते, ते आधी तपासावं लागतं.

आमच्याकडे ते कळायला वर्ष गेलं. चवथीच्या आदल्या दिवशी पत्नी नेवऱ्या लाटत होती. एकदम लाटणं सुटलं, चेहरा पांढराफटक, डोक्यावर पंखा फिरत असताना मानेवरून घाम ओघळतोय. "काळीज उडतंय," एवढंच म्हणाली. वीस मिनिटांत सगळं शांत. पाळी जायचं वय आहे असं सांगितलं गेलं, मग मनाचा त्रास म्हणून गोळ्या. एका डॉक्टरांनी धडधडीवर बीटा-ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारी गोळी) दिली आणि चौथ्या दिवशी वरचं प्रेशर 220 झालं. गाठ अ‍ॅड्रिनलिन सोडणारी असेल तर ती गोळी एकटी देऊन चालत नाही, रक्तवाहिन्या आणखी आवळल्या जातात. हे मला फार उशिरा समजलं आणि अजून सलतं.

शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी 24 तासांची लघवी तपासायला सांगितली. लॅबने पाच लिटरचा कॅन दिला, तळाला थोडं अ‍ॅसिड. सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीपर्यंत सगळी साठवायची. तो कॅन कापडी पिशवीत घालून, मांडीवर धरून मी कदंबच्या बसने पणजीला नेला. मेटानेफ्रिन्स, म्हणजे अ‍ॅड्रिनलिन मोडून तयार होणारे पदार्थ, कितीतरी पट वाढलेली निघाली. आजाराचं नाव फिओक्रोमोसायटोमा, म्हणजे अ‍ॅड्रिनलिन सोडणारी गाठ. आता हीच तपासणी रक्तावरही होते. ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे प्राझोसिन (आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) दिलं, शिवाय मीठ-पाणी भरपूर घ्यायला सांगितलं. जन्मभर प्रेशरसाठी मीठ तोडलेल्या बाईला ते पटेचना. दुर्बिणीतून डावी ग्रंथी काढली. उजवी एकटी सगळं काम करते, रोजची गोळी नाही.

आता तुमच्या आईंचं. अशा सहज सापडलेल्या बहुतेक गाठी साध्या असतात आणि काहीच सोडत नाहीत. रिपोर्टात 'एचयू' (HU) हा आकडा शोधा, गाठ स्कॅनमध्ये किती घट्ट दिसते ते तो सांगतो. डाय न देता काढलेल्या स्कॅनमध्ये तो 10 किंवा कमी असेल आणि गाठ एकसारखी दिसत असेल, तर ती चरबीयुक्त साधी गाठ. आकडा त्याहून जास्त असेल तर मेटानेफ्रिन्स तपासायलाच हवीत. रात्री 11 ला डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची 1 मिलिग्रॅमची गोळी घेऊन सकाळी कॉर्टिसॉल तपासतात, ते 1.8 (मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर) किंवा त्याखाली आलं की ठीक. प्रेशर असेल किंवा पोटॅशियम कमी असेल तर रक्तातलं अल्डोस्टेरॉन आणि रेनिन (अल्डोस्टेरॉनवर ताबा ठेवणारा किडनीतला पदार्थ) तपासतात. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी आई स्टेरॉइड घेत असतील तर ते आधी सांगा, आणि मनाने बंद करू नका. गाठ 4 सेंटिमीटरच्या वर असती तर ऑपरेशनचा विचार जास्त झाला असता. हे सगळं एंडोक्रायनॉलॉजिस्टकडून, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांकडून, करून घ्या.

किडनीचा कॅन्सर असता तर बहुधा स्कॅनमध्ये किडनीतच गाठ दिसली असती. तो कधी कधी अ‍ॅड्रिनलमध्ये पसरतो, म्हणून रिपोर्टात दोन्ही किडन्यांसमोर काय लिहिलंय ते वाचा. 'सिंपल सिस्ट' (पाण्याने भरलेली साधी पिशवी) असेल तर घाबरू नका. लघवीतून एकदा जरी रक्त गेलं असेल, न दुखता, तरी डॉक्टरांना सांगा.

सुई मात्र आता नको. गाठ अ‍ॅड्रिनलिनची निघाली तर टोचल्यावर प्रेशर जिवावर बेतेल इतकं चढू शकतं. आणि ती साधी की कॅन्सरची, हे त्या तुकड्यावरून नीट ठरतही नाही.

पित्ताशयाच्या ऑपरेशनची तारीख घेतली असेल तर उद्याच फोन करून सर्जनना आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना या गाठीबद्दल सांगा. खडे फार त्रास देत नसतील तर तपासण्या येईपर्यंत तारीख पुढे ढकलता येईल का, तेही विचारा.