वेल्श बोलण्याची धास्ती

चार महिने वेल्शचे, म्हणजे ब्रिटनमधल्या वेल्सच्या भाषेचे, धडे गिरवूनही शिकणाऱ्यांच्या ऑनलाइन संभाषणात आपला माइक बंदच राहतो, असे आपण लिहिले आहे; याचे मला मुळीच आश्चर्य वाटत नाही. पहिल्या तीन वेळा मी स्वतः नाव सांगून गप्प बसलो होतो. भीती बहुधा शब्दारंभी होणाऱ्या वर्णबदलांची असते. मराठीत ‘पुणे’चे ‘पुण्याला’ होताना बदल शेवटी दिसतो, वेल्शमध्ये मात्र वेल्सचे नाव ‘कम्री’ हे ‘वेल्सला’ म्हणताना ‘गम्री’ होते, म्हणजे शब्दाचे तोंडच पालटते. हा बदल चुकला तरी अर्थ कळतो, आणि समोरचाही शिकाऊच असल्याने त्याचे लक्ष बहुधा स्वतःच्या पुढच्या वाक्याकडे असते. म्हणून आरंभी दोघांचीच अर्ध्या तासाची बैठक ठरवावी, ‘अन आरव’ म्हणजे ‘सावकाश’ आणि ‘एटो’ म्हणजे ‘पुन्हा’ हे कागदावर लिहून पडद्याशेजारी चिकटवावे, आणि अडल्यास इंग्रजी शब्द खुशाल घालून वाक्य पुरे करावे. जोडीदार दुधाला ‘ल्लाइथ’ऐवजी ‘ल्लेव्रिथ’ म्हणाला तर गोंधळू नये. पहिला शब्द दक्षिण वेल्सचा, दुसरा उत्तरेचा. त्यातला ‘ल्ल’ मात्र एकट्याने घोटावा: जीभ ‘ल’च्या जागी टेकवून, कंठातून आवाज न काढता, कडेने नुसती हवा सोडावी.