भामिनी करायची तर आधी नऊवारीत जिना चढून बघ

प्रश्न : काकी, कॉलेजच्या स्नेहसंमेलनात आम्ही 'मानापमान' या संगीत नाटकातला प्रवेश करतोय. त्यातली नायिका भामिनी मी करावी असं मनापासून वाटतं. बाईच्या वेशात कार्यक्रम करणाऱ्या ड्रॅग कलाकारांचे व्हिडिओही मी आवडीने बघतो. मित्र म्हणतात, हे बाहेरचं फॅड. बाबा म्हणतात, घराण्याचं नाव घालवशील. त्यांना काय सांगू?
— एक विद्यार्थी, डिचोली

उत्तर : बाबांना विचार, पेडण्याकडच्या जत्रेत रात्रभर दशावतारी काला चालतो, त्यातली राणी कोण असते? पुरुषच. संहिता हातात नसते, संवाद जागच्या जागी रचायचे, तोंड स्वतःच रंगवायचं. ती रडली की पुढे बसलेल्या बायकाही डोळे पुसतात.

आणि भामिनी तर १९११ साली पहिल्यांदा उभी केली बालगंधर्वांनीच. त्यांचं नेसणं, गजरा माळणं बघून घरंदाज बायका तसं करू लागल्या. आपल्या मंगेशीचे मास्टर दीनानाथ 'भावबंधन'मध्ये लतिका करत आणि 'मानापमान'मध्ये नायक धैर्यधरही होत. पणजीच्या कला अकादमीतलं नाट्यगृह त्यांच्याच नावाचं आहे. घराण्याचं नाव असं गेलेलं मी तरी पाहिलं नाही!

आजचे ड्रॅग कलाकार स्वतःचं नाव, स्वतःचं रूप घडवतात. स्त्रीपार्टी, म्हणजे बायकांची कामं करणारे पुरुष नट, नाटकातलं पात्र उभं करत. रीत वेगळी, पण दोघांच्याही मेहनतीला माझा नमस्कार.

एक गोष्ट मात्र मला बोचते. पुरुषांना या भूमिका मिळाल्या, कारण घरंदाज बाईला रंगमंच बंद होता. गोव्याच्या ज्योत्स्ना भोळे १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा'त उभ्या राहिल्या, तेव्हा ते केवढं धाडस होतं! म्हणून तुमच्यातल्या एखाद्या मुलीला भामिनी करायची असेल तर दोघांनी सर्वांसमोर म्हणून दाखवा. तिची चांगली झाली तर मोकळ्या मनाने तिला दे.

तुला मिळाली तर मुरके मारू नकोस. हशा येईल, भामिनी जाईल. ती श्रीमंतीच्या तोऱ्यात धैर्यधराला झिडकारते आणि पुढे वनमाला बनून त्याच्यासमोर येते. म्हणजे तू बाई होणार, आणि ती बाई पुन्हा सोंग घेणार. भामिनीची मान आणि वनमालेची मान वेगळी ठेव. घरातल्या बायका पाट ओढून बसतात कशा, पदर सावरतात कधी, ते बघत जा.

मी जत्रेच्या नाटकांत मुलांना लुगडी नेसवते, म्हणून सांगते : आत घट्ट चड्डी घाल, काष्टा खोचून झाल्यावर खाली बस, ऊठ, जिना चढ. सुटायचं असेल तर घरीच सुटू दे. पदर खांद्यावर पिन करून घे. नाक टोचायची गरज नाही, चापाची नथ मिळते. तालमीपासूनच घाल, नाहीतर तान घेताना सारखा हात नाकाकडे जाईल.