'मॅडम, माझा मेंदू आकसलाय'

चक्कर आली म्हणून एमआरआय काढायचा, रिपोर्टात 'माइल्ड सेरेब्रल अ‍ॅट्रोफी', म्हणजे मेंदू किंचित आकसलाय, असं वाचायचं आणि घरी पोचेपर्यंत स्वतःला डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) पेशंट ठरवून टाकायचं. कोथरूडच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत साठी-सत्तरीची अशी माणसं सारखी येतात.

त्यातलेच हे काका. वय 71, भूमी अभिलेख खात्यातले निवृत्त भूकरमापक, म्हणजे जमिनीची मोजणी करणारे. (ओळखीचे तपशील बदललेत.) न्यूरॉलॉजिस्टनी स्मरणशक्ती तपासून 'वयाच्या मानाने ठीक' सांगितलेलं. तरी तळजाई टेकडीवरचं फिरणं बंद, पासबुक मुलाच्या हवाली. रिपोर्ट कायम शर्टाच्या खिशात, घडीवर फाटायला आलेला.

पहिल्या तीन भेटी मी समजावण्यात घालवल्या. चूक माझीच. चौथ्या वेळी विचारलं, "काका, बांध सरकलाय हे कसं ठरवायचात?"

"मूळ टिपण, म्हणजे पहिल्या मोजणीची नोंद, काढायची. त्यावरून हद्द बसवायची."

"आणि टिपणच नसेल तर?"

"मग आज जमीन किती, एवढंच सांगता येतं. सरकली असं..." काका थांबले. हात खिशाकडे गेला. "हा तर माझा पहिलाच एमआरआय."

"आणि यात मोजलेलं काहीच नाही. रेडिओलॉजिस्टनी नजरेनं अंदाज घेतलाय."

"म्हणजे मोजणीची साखळी लावलीच नाही?" काका चक्क चिडले. मला तो राग फार आवडला. एरवी मी यावर तासभर बोलले असते!

मेंदूची खरी मोजणी वेगळी असते. साधारण एक मिलिमीटरच्या घनाकृती तुकड्यांत मेंदूचं चित्र विभागून करडा भाग, पांढरा भाग आणि मेंदूभोवतीचं पाणी वेगळं काढतात. मोठ्या कवटीत मेंदूही मोठा, म्हणून तो हिशेबही धरावा लागतो. मशीन बदललं तर आकडा हलतो, शरीरात पाणी कमी असलं तरी थोडा हलतो. साठीनंतर निरोगी मेंदूही वर्षाला अर्ध्या टक्क्याच्या आसपास घटतो. आकार आणि स्मरणशक्तीचं गणित सरळ नाही.

माणूस रिपोर्टाने खचत नाही, त्यावर चढवलेल्या अर्थाने खचतो, असं मी वर्षानुवर्षं मानत आलेय. पण म्हणून दुर्लक्ष करू नका. ओळखीचा रस्ता चुकणं, हिशेब न जुळणं, घरच्यांना बदल जाणवणं, यातलं काही असेल तर आधी न्यूरॉलॉजिस्ट. बी-12, थायरॉइड, ऐकू येणं आणि मनाची उदासी यांचीही तपासणी करून घ्या. विसराळूपणा तिथूनही येतो.

पुढच्या भेटीला रिपोर्ट प्लास्टिकच्या फाइलीत आला. वर काकांच्या रेखीव अक्षरात तारीख आणि 'मूळ टिपण'. पासबुकही त्यांनी परत मागून घेतलंय. मुलाला ते अजून फारसं पटलेलं नाही.