ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात, फ्रिज न घेता, घरी एल (लागरपेक्षा उबदार तापमानाला आंबवली जाणारी) बिअर आंबवताना तापमान कसं सांभाळावं?

तुम्ही लिहिलंय की एसी 78 फॅरनहाइटवर असतो, यीस्ट यूएस-05 (एल बिअरचं कोरडं यीस्ट) आहे, 5 गॅलनची बॅच आहे आणि बिअरला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो. तो वास बहुधा उष्णतेचाच असणार.

78 फॅरनहाइट म्हणजे साधारण 25-26 सेल्सियस, पण हे झालं खोलीचं तापमान. आंबताना उष्णता सुटते आणि क्रिया जोरात असते तेव्हा आतली बिअर खोलीपेक्षा सहज 3-5 अंशांनी जास्त तापते. म्हणजे यीस्ट जवळजवळ तिशीत राबतंय. अशा वेळी ते एस्टर (फळांचा किंवा नेलपॉलिश रिमूव्हरचा वास देणारी संयुगं) आणि फ्युजेल अल्कोहोल (जळजळीत चवीची जड अल्कोहोलं) भरमसाट सोडतं. यूएस-05 साठी मला 18 ते 20 सेल्सियस आवडतं, आणि हे मोजायचं ते बिअरचं. थर्मामीटरचा प्रोब फर्मेंटरच्या (बिअर आंबवायच्या भांड्याच्या) अंगाला चिकटवा आणि त्यावर स्पंजचा तुकडा दाबून बसवा, म्हणजे बाहेरची हवा लागणार नाही.

सगळ्यात महत्त्वाचे पहिले तीन दिवस. चव बिघडते ती बहुतेक तेव्हाच. म्हणून वर्ट (उकळलेलं, अजून न आंबलेलं माल्टचं पाणी) 18 पर्यंत उतरल्याशिवाय यीस्ट घालू नका. तिकडे उन्हाळ्यात नळाचं पाणीच कोमट येतं, नुसत्या चिलरने (नळाच्या पाण्याने वर्ट गार करणाऱ्या नळीने) काम भागत नाही. वर्ट 35 च्या आसपास अडकला की भांडं झाकून बर्फाच्या पाण्यात बसवा.

पुढे मोठा टब घ्या, त्यात फर्मेंटर ठेवा, बिअरच्या पातळीपर्यंत पाणी भरा आणि गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या सोडा. एक किलो बर्फ वितळताना सुमारे 334 किलोज्यूल उष्णता ओढून घेतो. तुमच्या 5 गॅलन म्हणजे 19 लिटर बिअरबरोबर टबातही तितकंच पाणी असेल, तर एका लिटरच्या बाटलीने सगळं मिळून 2 अंश उतरतं. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन बाटल्यांनी सुरुवात करा आणि आकडा बघून कमी-जास्त करा. ओला टीशर्ट आणि पंखा हा उपाय सगळीकडे सांगितला जातो, पण ह्यूस्टनच्या दमट हवेत त्यावर विसंबू नका. माठातलं पाणी नागपूरच्या मे महिन्यात जसं गार होतं तसं मुंबईत होत नाही, तेच कारण. कोरड्या हवेच्या फिनिक्समध्ये असता तर हाच उपाय पहिला सांगितला असता.

फार थंडही नको. 15 च्या खाली यूएस-05 मंदावतं, आणि बाटल्या टाकून तापमान सतत वर-खाली केलं तर यीस्ट लवकर तळाशी बसू शकतं.

चौथ्या-पाचव्या दिवशी जोर ओसरला की बाटल्या घालणं थांबवा आणि बिअर 21-22 पर्यंत चढू द्या. आता उष्णता हवीच, कारण लोण्यासारखी चव देणारं डायअसेटिल यीस्ट याच टप्प्यात परत शोषून घेतं. हायड्रोमीटरचा (बिअरची घनता मोजणाऱ्या उपकरणाचा) आकडा दोन-तीन दिवस हलला नाही की मगच बिअर बाटल्यांत भरा.

बर्फाची ही ये-जा जमणार नसेल तर यीस्ट बदला. नॉर्वेतल्या वॉस भागातलं क्वाइक हे पारंपरिक यीस्ट 35 ते 40 सेल्सियसला खुशाल काम करतं आणि संत्र्यासारखा वास देतं. सेझॉन या बेल्जियन बिअरची काही यीस्टंही तिशी आरामात सोसतात, पण त्यांची चव मिरी-लवंगेकडे झुकते. ती आवडत असेल तरच त्या वाटेला जा.