डब्यातले दोन सॉसेज

प्रश्न : ताई, मी भांडुपला राहते, नोकरी फोर्टला. सकाळी सव्वासातची लोकल चुकली की सगळा दिवस बिघडतो. मुलगा नऊ वर्षांचा आहे. आठवड्यातले चार दिवस त्याच्या डब्यात चिकन सॉसेज असतात. दोन सॉसेज तव्यावर परतते, सोबत चपाती किंवा ब्रेड. भाजीचा डबा तसाच परत येतो, हा मात्र पुसून रिकामा. आता सासूबाईंना कुणीतरी मोबाइलवर मेसेज पाठवलाय की सॉसेज आणि सिगारेट एकच. तेव्हापासून घरात रोज वाद. आमच्याकडे डुकराचं किंवा बीफ येत नाही, साधं चिकन आहे. त्यात प्रथिनं असतात ना? मी माझ्या हातांनी मुलाला विष देते आहे का?

उत्तर : तुमचं शेवटचं वाक्य आधी घेते, कारण पत्रात ते एकदा लिहून खोडलेलं आणि पुन्हा लिहिलेलं दिसलं. नाही, तुम्ही विष देत नाही आहात. सव्वासातच्या लोकलआधी स्वयंपाक, डबा आणि पोराची तयारी उरकणाऱ्या बाईला असला शब्द स्वतःला लावून घ्यायची काही गरज नाही. पण आठवड्यातले चार दिवस हे प्रमाण जास्त आहे आणि ते कमी करायला हवं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

तुमचं पत्र आलं त्या संध्याकाळी मी आमच्या परळच्या कोल्ड स्टोरेजमधून चिकन सॉसेजचं पाकीट आणलं आणि ओट्यापाशी उभी राहून मागची बारीक अक्षरं वाचली. 250 ग्रॅमचं पाकीट, आत दहा नग. म्हणजे एक सॉसेज 25 ग्रॅमचा आणि तुमच्या मुलाच्या डब्यात त्या चार दिवशी रोज 50 ग्रॅम. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. घटकांत चिकन, मग पाणी, तेल, स्टार्च, सोयाचं प्रथिन, मीठ, मसाले आणि अगदी शेवटी ‘प्रिझर्व्हेटिव्ह आयएनएस 250’. प्रथिनं 100 ग्रॅमला 12 ग्रॅम. म्हणजे दोन सॉसेजमधून मुलाला मिळतात सहा ग्रॅम. एका उकडलेल्या अंड्यात साधारण तेवढीच असतात.

आता तो 250. ते सोडियम नायट्राइट. एक सॉसेज मी मधोमध कापला, तव्यावर चांगला परतला आणि पाहिलं. आतून गुलाबीच. आपण घरी चिकन शिजवतो तेव्हा ते पांढरट होतं, गुलाबी राहिलं तर आपण कच्चं म्हणून परत गॅसवर ठेवतो. सॉसेज शिजूनही गुलाबी राहतो तो नायट्राइटमुळे. ते घालण्यामागे रंगापेक्षा मोठं कारणही आहे. बोट्युलिझम नावाची जीवघेणी विषबाधा करणारा जंतू त्यामुळे वाढू शकत नाही. कारखानदार ते लपूनछपून घालत नाहीत, कायद्याने परवानगी आहे. पण आपल्या पोटात गेल्यावर हेच नायट्राइट मांसातल्या प्रथिनांपासून तयार होणाऱ्या घटकांशी जुळतं आणि नायट्रोसो संयुगं बनतात. त्यांतली काही संयुगं मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींच्या डीएनएला इजा करतात. लाल मांसात, म्हणजे मटण, बीफ, डुकराचं यांत, हीम नावाचं लोह जास्त असतं, ते या प्रक्रियेला आणखी जोर देतं. चिकनमध्ये हीम कमी, एवढा तुमचा मुद्दा बरोबर. पण नायट्राइट आणि मीठ चिकनच्या पाकिटातही असतंच. म्हणून ‘साधं चिकन’ हा शब्द कोंबडीवाल्याच्या दुकानातल्या चिकनला लावा, पाकिटातल्याला नको.

सासूबाईंच्या मेसेजचं मूळही सांगते. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था फ्रान्समध्ये लिआँला आहे. ऑक्टोबर 2015 मध्ये तिथे 10 देशांतल्या 22 तज्ज्ञांनी 800 हून अधिक अभ्यास तपासले आणि प्रक्रिया केलेलं मांस, म्हणजे सॉसेज, सलामी, हॅम, बेकन वगैरे, माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. तंबाखू त्याच गटात आहे. तेवढंच उचलून कुणीतरी ‘दोन्ही एकच’ असं लिहून पाठवलं. हा गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो. धोका किती मोठा आहे ते सांगत नाही. त्या संस्थेनेच तेव्हा दिलेल्या अंदाजानुसार जगभरात वर्षाला कर्करोगाने होणारे साधारण 34,000 मृत्यू प्रक्रिया केलेलं मांस भरपूर खाण्याशी जोडता येतात, आणि तंबाखूशी सुमारे 10 लाख. सासूबाईंना हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहून दाखवा. आणि घरात कुणी मिश्री लावत असेल किंवा तंबाखू मळत असेल, तर वाद घालायची खरी जागा ती आहे.

त्याच अहवालात तो 50 ग्रॅमचा आकडा येतो. रोज 50 ग्रॅम असं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शक्यता सुमारे 18 टक्क्यांनी वाढते. 18 टक्के ऐकून छातीत धस्स होतं, म्हणून हिशेब मांडते. समजा एखाद्या ठिकाणी 100 माणसांपैकी पाच जणांना आयुष्यात हा आजार होतो. सगळ्या 100 जणांनी रोज दोन सॉसेज खाल्ले तर पाचाचे सहा होतील. आपल्याकडे या आजाराचं मुळातलं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमीच आहे. शिवाय हे अभ्यास वर्षानुवर्षं खाणाऱ्या मोठ्या माणसांवरचे आहेत. तुमच्या मुलाच्या पोटात आज काही घडतंय असा याचा अर्थ नाही. मला काळजी सवयीची वाटते. नवव्या वर्षी जिभेला जे रोजचं वाटतं ते तिसाव्या वर्षीही रोजचंच वाटतं, आणि या खारट-धुरकट चवीपुढे वांगं, दोडका, गवार टिकत नाहीत. डब्यातली भाजी परत येते त्यात या चवीचाही हात असणार.

मग डब्यात काय द्यायचं? रविवारी तुमच्याकडे चिकन होत असेलच. कालवणात टाकण्याआधी पाव किलो बिनहाडाचं बाजूला काढा. हळद, आलं-लसूण आणि दह्यात मुरवून, परतून, हाताने मोकळं करून डब्यात भरा. फ्रिजमध्ये दोन दिवस, फ्रीझरमध्ये त्याहून जास्त राहतं. सकाळी चपातीवर अंडं फोडून पसरायचं, वर हे चिकन, कांदा, लिंबू, थोडा चाट मसाला, आणि गुंडाळायचं. झाली फ्रँकी. मी स्वतः घड्याळ लावून केली आहे, सात मिनिटं लागली. खिम्याचे कटलेट करून फ्रीझरमध्ये ठेवलेत तरी चालेल. मांसाचा नुसता खिमा करणं किंवा ते गोठवणं याला या अर्थाने प्रक्रिया म्हणत नाहीत. खारवलेलं, धुरी दिलेलं, टिकवण्यासाठी रसायन घातलेलं मांस ते प्रक्रियेचं.

सॉसेज एकदम बंद करू नका, मुलगा शेजारच्या डब्यातून खाईल. चाराचे दोन करा, मग एक, मग वाढदिवसाला. आणि जेव्हा द्याल तेव्हा काळे डाग पडेपर्यंत परतू नका. मांस करपलं की हानिकारक द्रव्यं आणखी तयार होतात.

(पालकात, बीटमध्येही नायट्रेट असतं, शरीरात त्याचंही नायट्राइट होतं, मग ते का चालतं, असं मला शिबिरांत हमखास विचारतात. भाजीत त्याच्या सोबत क जीवनसत्त्व आणि इतर वनस्पतिद्रव्यं असतात, ती नायट्रोसो संयुगं बनू देत नाहीत. पालक खुशाल द्या.)

प्रश्न : वय 63, गिरगाव. बँकेतून निवृत्त. गेली वीस वर्षं सकाळी सलामी किंवा हॅम सँडविच खातो. रक्तदाबाची गोळी चालू आहे. आता सोडून काय उपयोग, असं वाटतं. आणखी एक, तीन महिन्यांपासून शौचाला कधीकधी रक्त पडतं. घरचे म्हणतात मूळव्याध असेल, तिखट कमी करा.

उत्तर : काका, सँडविच बाजूला ठेवा. ‘आणखी एक’ म्हणून जे लिहिलंत तेच तुमचं पत्र आहे. या आठवड्यात डॉक्टरकडे जा. फोनवर विचारून गोळी घेऊ नका, प्रत्यक्ष तपासून घ्या आणि रक्त किती दिवस पडतंय ते संकोच न करता सांगा. डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, सांगितली तर पुढे ढकलू नका. मूळव्याधच निघण्याची शक्यता खूप आहे. पण ते तपासणीने ठरू दे, घरातल्या अंदाजाने नको.

हे मी का सांगते ते लिहिते. माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते. निवृत्तीनंतर, साठ-एकसष्टाव्या वर्षी त्यांना असंच रक्त पडायला लागलं. आम्ही सगळ्यांनी मूळव्याध म्हटलं. मीसुद्धा म्हटलं, आहारशास्त्राची पदवी हातात असताना. आठ महिने रोज रात्री चूर्ण आणि ताक. त्यांची विजार सैल व्हायला लागली तेव्हा आई नाडी घट्ट बांधून द्यायची, पण वजन का उतरतंय हे कुणी विचारलं नाही. मोठ्या आतड्याचा कर्करोग होता. ऑपरेशननंतर ते दोन वर्षं जगले. त्यांनी आयुष्यात सॉसेज पाहिलासुद्धा नव्हता. भाकरी, सुकट, महिन्यातून एखाद-दोनदा मटण. म्हणून कुणाच्या आजाराचं खापर मी एका पदार्थावर फोडत नाही. रक्ताबद्दल मात्र मी कुणालाही थांबू देत नाही.

आता सँडविचचं. उपयोग आहे, आणि तो तुमच्या रक्तदाबात लवकर दिसेल. अमेरिकेत हार्वर्डच्या संशोधकांनी 2010 मध्ये वीस अभ्यास एकत्र करून पाहिले होते. रोज 50 ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाणाऱ्यांत हृदयविकाराची शक्यता 42 टक्के आणि मधुमेहाची 19 टक्के जास्त आढळली. साध्या, प्रक्रिया न केलेल्या लाल मांसात हृदयविकाराचा तसा संबंध दिसला नाही. दोन्हींतला मोठा फरक मिठाचा होता, प्रक्रिया केलेल्या मांसात सोडियम सुमारे चौपट. दिवसाला मीठ पाच ग्रॅमच्या आत असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सलामी, ब्रेड, वर लोणी आणि केचप म्हणजे त्यातला मोठा वाटा सकाळी आठलाच संपतो, आमटी-भाजी आणि लोणचं अजून यायचंय. सँडविच सोडायचं नसेल तर आत उकडलेलं अंडं, काकडी, टोमॅटो, हिरवी चटणी घाला. गोळी मात्र स्वतःच्या मनाने कमी करू नका.

प्रश्न : आम्ही वेसाव्याचे कोळी. सुकट, जवळा, सुके बोंबील आमच्या घरात वर्षभर. तेपण प्रोसेस्ड मीट झालं का?

उत्तर : नाही. मासळी त्या वर्गात धरलेली नाही. चिनी पद्धतीने खारवलेल्या मासळीचा नाकामागच्या घशाच्या कर्करोगाशी संबंध सिद्ध झालाय, पण वलांडीवर उन्हात सुकवलेला बोंबील वेगळा. त्यात भरपूर प्रथिनं आहेत, खा. खारं असेल त्याचं मीठ तेवढं पाहा : अर्धा तास कोमट पाण्यात, पाणी ओतून पुन्हा एकदा, मग दाबून पिळून घ्या. आणि त्या कालवणात मीठ टाकण्याआधी चाखून बघा, बहुतेक वेळा लागत नाही.