'सीमापार संकट' म्हणावं का?

कोल्हापूरच्या एका अनुवादक ताईंनी विचारलंय : धोरणविषयक लेखात 'ट्रान्सबाउंडरी क्रायसिस' आलंय, त्याला 'सीमापार संकट' चालेल का?

चालेल, पण मला खटकतं. दोन्ही शब्द खटकतात.

'पार' म्हणजे पलीकडचा काठ. 'सीमापार' म्हटलं की संकट तिकडं जन्मलं नि आपल्या अंगावर आलं, असंच ऐकू येतं. बातम्यांतला 'सीमापार दहशतवाद' आठवा. मूळ संज्ञेत हे बोट दाखवणं नाही. एका हद्दीत न मावणारं, एवढंच. आपला पूरच घ्या. ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांवर गेली (धोका पातळी 43), तेव्हा गल्लोगल्ली एकच बोलणं : कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा फुगवटा, म्हणजे तिथं अडलेलं पाणी मागं चढतं. खाली बेळगाव-बागलकोटकडं पूर आला की म्हणतात, महाराष्ट्रानं पाणी सोडलं. पाणी एकच, आणि दोघांच्याही लेखी ते सीमापारचं! पुढं पुराची कारणं तपासणाऱ्या वडनेरे समितीनं अलमट्टीला मुख्य कारण मानलं नाही, तरी इथलं बोलणं काही थांबलं नाही.

 

आता 'संकट'. संस्कृतात त्याचा अर्थ अरुंद, कोंडलेली जागा. अडकणं त्यात आहे, पण 'क्रायसिस'च्या ग्रीक मुळात 'निर्णय' आहे, तो इथं गळतो. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पातळी भरली की आपोआप उघडतात, कुणाला विचारत नाहीत. पण कोयनेतून किती सोडायचं, अलमट्टी आधीच किती रिकामी ठेवायची, हे माणसांना ठरवावं लागतं; तेही अपुऱ्या माहितीवर, घाईत. त्यात जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश जिल्ह्याच्या हद्दीपर्यंतच चालतो. या अवस्थेला आपल्याकडं नेमका शब्द आहे : पेचप्रसंग. 'पेच' फारसीतून आला, अर्थ पीळ. तालमीत विचारा, एकट्यानं पेच पडत नाही, दुसरा अंगाला भिडलेला लागतो.

म्हणून पूर, साथ, धूर यांना 'आपत्ती' म्हणा आणि त्यावर दोन सरकारांनी काय करायचं, या गुंत्याला 'पेचप्रसंग'. विशेषण दोन राज्यांपुरतं असेल तर 'आंतरराज्य' रुळलेलं आहे. देशांचं असेल तर 'अनेकदेशीय'. एकच शब्द हवा असेल तर 'सीमालंघी' घडवता येईल, जरा जड आहे खरा. 'सीमोल्लंघन' मात्र नको. ते ऐकल्यावर कोल्हापूरकर थेट दसरा चौकात सोनं लुटायला निघेल.